सांध्यात कागदही शिरत नाही

सोमवार, ३

वही नवी आहे. पहिल्या पानावर आपल्या हातून झालेलं काम लिहावं, म्हणजे पुढे जे लिहायचं त्याला पाया राहतो.

आमचा पलंग. स्वयंपाकघरातली कपाटं, खालची आणि वरची. वर्कशॉपमधलं बाकडं, ज्यावर वही ठेवून हे लिहितोय. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकांच्या पेट्या. संग्रहालयाच्या काचेच्या पक्ष्यांची पेटी, आत प्रत्येक पक्ष्याला त्याच्या अंगाबेताचं घरटं. चेलो वाजवणाऱ्या बाईंची मोठी पेटी. ती विमानाच्या पोटातून कुठे कुठे जाऊन आली, पण वाद्याची एक खुंटी हलली नाही. आणि लेकीचा पाळणा. लेक पहिल्या महिन्यापासून त्यात रात्रभर झोपली, एकदाही रडली नाही. लोक विचारायचे, हे कसं काय? मी म्हणायचो, पाळणा नीट असला की मूल नीट झोपतं.

नाजूक वस्तूंना पेट्या करणं हा माझा धंदा. यातलं मला कुणी शिकवलं नाही. बाप सुतार नव्हता, उस्ताद कुणी भेटला नाही. लाकूड बिघडवत बिघडवत शिकलो. आज माझ्या सांध्यात कागद शिरत नाही. गिऱ्हाईक आलं की त्याच्याच खिशातली पावती मागून घेतो आणि सांध्याला लावून दाखवतो. धूळ नाही, ओल नाही, हादरा नाही. माझ्या पेटीत ठेवलेली वस्तू आजवर तडकलेली नाही.

हे आज लिहायचं कारण असं की, आज घरात एक वस्तू आली आहे, जी मी केलेली नाही आणि मागवलेलीही नाही. ही, म्हणजे माझी बायको, कपडे बेतून-उसवून देण्याच्या दुकानात काम करते. संध्याकाळी आली ती पिशवी छातीशी धरून. पिशवीतून काळं नाक बाहेर.

"हे काय?"

"पिल्लू."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"दुकानामागे होतं. आई ट्रकखाली गेली. बाकीची भावंडं कुणी कुणी नेली, हे एकटंच राहिलं."

"म्हणून आपण?"

"घर किती शांत झालंय हो, ताई गेल्यापासून."

ताई म्हणजे आमची लेक. नोकरीला परगावी गेली, आता सुट्टीपुरती येईल. शांतता मला आवडते, असं मी म्हणालो. त्यावर हिने पिल्लाला वाटीत दूध घातलं.

नाक कोटाच्या बटणासारखं आहे म्हणून हिने त्याचं नाव बटण ठेवलं. नाव ठेवलं की वस्तू राहिलीच, हा हिचा डाव मी ओळखून आहे. वहीत मी पिल्लू असंच लिहीन.

मंगळवार, ४

पिल्लाला पेटी केली. फळीचे तुकडे पडलेलेच होते. वरून उघडं, भिंती त्याच्या उंचीच्या दुप्पट, तळाला गादी. वर्कशॉपच्या कोपऱ्यात ठेवली, तिथे अंधार असतो आणि वारा नाही. वस्तू म्हणून पाहिली तर पेटीत खोट काढायला जागा नाही.

रात्री दिवा मालवला आणि सुरू झालं. आधी कुंई कुंई, मग किंचाळणं, मग अख्ख्या लांडग्यांच्या कळपाने काढावा तसा सूर. वीतभर देहात इतका आवाज कुठे मावतो, हे कोडंच आहे. ही उठायला लागली. मी म्हटलं, "उठायचं नाही. रडलं की माणूस येतं, हे एकदा कळलं की जन्मभर रडेल."

"लहान आहे हो."

"लेक याहून लहान होती. चांगली पेटी, अंधार, आणि आपण लक्ष द्यायचं नाही. झोपली की नाही?"

ही पाठ वळवून हसली. हसण्यासारखं मी काही बोललो नव्हतो.

बुधवार, ५

सकाळी दारात शेजारचा. बस चालवतो. माझं वर्कशॉप आणि त्याची झोपायची खोली यांच्यात एकच भिंत आहे.

"मिस्त्री, काल रात्री गायन कुणाचं होतं?"

"पिल्लू आणलंय घरातल्यांनी. दोन दिवसांत सरळ होईल."

"सूर बरा आहे हो. पण मला पहाटे गाडी काढायची असते. श्रोता म्हणून मी कच्चा."

माणूस हसून बोलला, म्हणून मीही हसलो. मला मिस्त्री म्हटलेलं मात्र आवडत नाही. मिस्त्री कुणाच्या तरी हाताखाली तयार होतो.

गुरुवार, ६

पद्धतीचा गुण येतोय. पहिले काही तास पिल्लू आकांत करतं, पण माझा डोळा लागल्यावर केव्हातरी आपोआप गप्प होतं आणि उजाडेपर्यंत आवाज नाही. हिला म्हटलं, बघ. ही म्हणाली, हो.

हिची करडी शाल पिल्लाच्या पेटीत सापडली. कपाटात होती ती तिथे कशी गेली, विचारलं तर म्हणे आठवत नाही. विसरभोळी होत चाललीय. दुकानात सुई बोटात घुसवून घेतली. वयाने नजर अधू होते. चष्मा बदलायला हवा.

शुक्रवार, ७

पिल्लाला लस टोचायला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई लेकीच्या वयाच्या. रात्रीच्या रडण्याचं मी सांगितलं, पेटीची मापंही सांगितली. त्यांनी मापं ऐकून घेतली नाहीत.

"पेटी कुठे ठेवता काका?"

"वर्कशॉपमध्ये."

"आणि तुम्ही कुठे झोपता?"

"माझ्या पलंगावर. मी कुठे झोपणार?"

"मग पेटी पलंगाशेजारी ठेवा. आत्तापर्यंत तो पाच-सहा जणांच्या ढिगात झोपत होता. त्याला शेजारी कुणाचा तरी श्वास ऐकू आला पाहिजे. अंगावरचं जुनं कापड द्या. निजण्याआधी बाहेर नेऊन आणा. सवय झाली की पेटी थोडी थोडी लांब सरकवा."

आम्ही बाहेर आलो. ही म्हणाली, "ऐकलंत ना?" मी म्हटलं, पुस्तकात सगळं असतं. झोपायच्या खोलीत जनावर येणार नाही. एका घरात दोन नियम चालत नाहीत.

रात्री मला तहान लागली. उठलो तर ही पलंगावर नव्हती. वर्कशॉपचा दिवा बंद, दार लोटलेलं. ही फरशीवर झोपलेली, पाठीखाली काही नाही, एक हात पेटीत. पिल्लू तिच्या मनगटावर हनुवटी टेकून घोरत होतं.

म्हणजे माझ्या पद्धतीचा गुण हा असा होता.

मी उठवलं. आवाज चढवला नाही. पण म्हटलं, तूच लाडावून ठेवतेस आणि म्हणून ते माझा डोळा लागेपर्यंत रडतं. त्याला कळतं की तू येणार. ती अंगावरचं लाकडाचं भुसकट झटकत उठली आणि म्हणाली, "मला तरी कुठे झोप येते. दोघं जागेच असतो, तर एकत्र जागतो."

झोप कशाने येत नाही, हे विचारायचं राहिलं. पिल्लू मागे रडत होतं, त्यात राहून गेलं.

शनिवार, ८

आजचं नीट लिहायला हवं.

दुपारी ड्रायव्हर आला. हसत नव्हता. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आज गाडी दुभाजकावर चढली."

मी हातातला रंधा खाली ठेवला.

"सिग्नलला थांबलो होतो. पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मागे बायका ओरडत होत्या. कुणाला लागलं नाही. एका म्हातारीचा चष्मा फुटला, मी भरून दिला. गाडीत चाळीस माणसं होती."

"ब्रेकचं काही—" मी म्हणालो.

"ब्रेकला काही झालेलं नाही मिस्त्री. चार रात्री मला झोप नाही." मग माझ्यामागे ही उभी होती, तिच्याकडे पाहून म्हणाला, "वहिनी, मला मुक्या जिवाशी वैर नाही. पण सोमवारपासून माझ्याकडे डोंगरावरची गाडी आहे. तिथे दुभाजक नाही, दरी आहे. उद्या रात्री मला झोप मिळाली नाही, तर सोमवारी पहाटे घरमालकांना फोन करतो. करारात जनावर चालत नाही म्हणून लिहिलंय. माझ्याही आणि तुमच्याही."

तो गेला. ही पिल्लाला घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली. म्हणाली, "पलंगाशेजारी ठेवू या ना. एकच रात्र बघू."

"आणि तिथे रडलं तर? त्या खोलीची खिडकी त्याच्याच अंगणावर उघडते."

"नाही रडणार."

"कशावरून?"

"तुम्ही पाहिलंत ना काल रात्री."

मी म्हटलं, हे नशिबावर सोडायचं काम नाही. आवाज थांबवणं ही माझ्या धंद्यातली गोष्ट आहे. हादरा आत जाऊ न देणं आणि आवाज बाहेर येऊ न देणं, दोन्हींची रीत एकच. उद्या रात्री या घरातून एक कुंई बाहेर जाणार नाही, हा माझा शब्द.

ही म्हणाली, "शब्द कोणाला देताय?"

रविवार, ९, संध्याकाळ

झाली. सकाळपासून पाठ टेकलेली नाही, पण झाली.

दुहेरी भिंत, मध्ये लाकडाचा भुसा दाबून. आतून फोम, फोमवर जाड फेल्ट, दाबलेल्या लोकरीचं, चेलोच्या पेटीला वापरतो तेच. झाकणाच्या कडेला रबराची पट्टी. हवेसाठी दोन्ही बाजूंना भोकं आहेत, पण भोक म्हटलं की आवाज आलाच. म्हणून भोकापासून आतपर्यंत नागमोडी बोळ केला आणि बोळालाही फेल्ट लावलं. हवा वळणं घेत जाते, आवाज पहिल्याच वळणावर मरतो. हे कुठल्या पुस्तकात नाही. माझं मला सुचलं.

गजराचं घड्याळ वाजतं करून आत ठेवलं आणि झाकण लावलं. काही नाही. कान टेकवला, तरी काही नाही.

नेमका तेव्हाच प्राण्यांच्या सामानाचा दुकानदार त्याने करायला दिलेल्या फळ्या न्यायला आला होता. त्याला झाकण उघडून दाखवलं: घड्याळ ठणाणा. लावलं: चिडीचूप. त्याने स्वतः तीनदा उघडझाप केली, लहान मुलासारखी. म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या हातात काय सोनं आहे, तुम्हाला कल्पना नाही." मला कल्पना आहे. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला लिहू.

पावती मागून घेतली आणि सांध्याला लावून दाखवली. शिरली नाही.

एक गोष्ट हिला सांगितलेली नाही. झाकणाला चोरखिटी बसवली आहे. बाहेरून दिसत नाही. उजव्या कडेची पट्टी आधी आत दाबायची, मग वर सरकवायची. संग्रहालयाच्या पेटीला केली होती तशीच. हिने रात्री उठून लाड करायला जाऊ नये, एवढाच हेतू. आज एक रात्र कळ काढली की सगळ्यांचंच भलं आहे, तिचंही. पिल्लू राहावं म्हणूनच चाललंय ना हे?

तीच रात्र

पिल्लाला आत ठेवलं. हिने करडी शाल घातली आत, मी अडवलं नाही. झाकण लावलं. थोडा वेळ लाकडाला हात लावला तर बोटांना बारीक थरथर कळत होती, आत ओरबाडत असावं. आवाज मात्र शून्य.

लिहितोय तेव्हा घर असं आहे की पेनाची कुरकुर ऐकू येते. भिंतीपलीकडे ड्रायव्हर घोरतोय. पाच रात्रींनी पहिल्यांदा. तो घोरण्याचा आवाज मी एखाद्या गाण्यासारखा ऐकला.

ही वर्कशॉपच्या दाराशी बसून आहे.

"उघडून बघा ना एकदा."

"उघडलं की बोंब मारेल. तो जागा होईल. सगळं मुसळ केरात."

"आवाजच नाही हो."

"तेच तर केलंय मी."

"रडत असेल तरी कळणार नाही आपल्याला."

"कळू नये म्हणूनच—" एवढं म्हणालो आणि थांबलो. थकलोय म्हणून वाक्य धड जमलं नाही. तिला म्हटलं, झोप आता. ती उठली नाही. मी जातो झोपायला. हात दुखतायत, पण चांगल्या कामानंतर दुखतात तसे.

सोमवार, १०

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून लिहितोय. वही बरोबर कशी आली ठाऊक नाही, कोटाच्या खिशात होती.

क्रमाने लिहितो.

उजाडायच्या आधी खडखड ऐकून जाग आली. वर्कशॉपमध्ये दिवा. ही गुडघ्यावर बसून कापड कापायच्या मोठ्या कात्रीचं टोक झाकणाच्या सांध्यात घालायला बघत होती. कात्री आत शिरत नव्हती. पुन्हा पुन्हा घसरत होती आणि लाकडावर ओरखडे उठत होते. तिच्या अंगठ्यातून रक्त येत होतं. मला पाहून ओरडली नाही. "उघडत नाहीये हो," एवढंच म्हणाली. "उघडतच नाहीये."

मी पट्टीला हात घातला. दाबायच्या आधीच सरकवायला गेलो, म्हणून अडकली. माझी खिटी, मी केलेली, आणि माझ्याच हाताला जमेना. दुसऱ्यांदा उघडली.

झाकणाच्या आतून पाणी टपकलं. श्वासाचं पाणी. आत एवढी ऊब की चेहऱ्यावर वाफ आली. पिल्लू कडेला पडलेलं, ओलं, जीभ बाहेर. हिने उचललं तर मान लोंबली.

बोळात फेल्ट कोंबलेलं होतं. त्याने नखांनी आणि दातांनी फाडून ओढलं होतं, कदाचित हवेकडे जायला, कदाचित आमच्याकडे यायला, आणि फाटलेल्या फेल्टचा बोळा दोन्ही भोकांत जाऊन बसला. चेलो फेल्ट ओरबाडत नाही. काचेचे पक्षी ओरबाडत नाहीत.

ही अंगणात धावली. शालीने त्याला चोळत होती, नाकात फुंकर घालत होती आणि "बटण, ए बटण, बटणराव" करत होती. मी मागे उभा. माझे दोन हात लोंबत होते. या हातांना दुसऱ्या कशाची सवयच नाही.

कुंपणावरून ड्रायव्हरने पाहिलं. गणवेश अंगावर, डबा हातात, निघालाच होता. काय झालं म्हणून विचारलंसुद्धा नाही. डबा कुंपणावर ठेवला, मोटारसायकल काढली आणि म्हणाला, "वहिनी, बसा मागे. घट्ट धरा, मला नाही, त्याला." मी पळत आलो. वर्कशॉपपासून दवाखान्यापर्यंत पायात चप्पल नव्हती, हे इथे बाकावर बसल्यावर दिसलं.

डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या वरच राहतात. गाऊनवर एप्रन चढवून आल्या. आत नळी लावलीय. जिवंत आहे, एवढंच सांगितलं. मला सगळं विचारलं: भिंत, फोम, रबर, बोळ. या वेळी मापंसुद्धा ऐकून घेतली. मग म्हणाल्या,

"काका, याआधी तुमच्या पेटीत श्वास घेणारं काही ठेवलं होतंत का?"

रागावून नव्हत्या विचारत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी म्हणालो, पाळणा केला होता एकदा. वरून उघडा.

बाई आत गेल्या. ही बाकावर माझ्या शेजारी होती, अंगठ्याला पट्टी. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई त्या पाळण्यात कधी झोपलीय का हो?"

"म्हणजे?"

"तुमचा डोळा लागला की मी तिला कुशीत घ्यायची. तुम्ही उठायच्या आत परत ठेवायची. वर्षभर."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही सगळ्यांना पाळणा दाखवत होतात. इतका छान होता पाळणा." मग थोड्या वेळाने, "खोटं नाही बोलत. छानच होता."

ड्रायव्हर दारात विडी न पेटवता नुसती धरून बसलाय. मी म्हटलं, तुमची गाडी? म्हणाला, दुसऱ्याने नेली. साहेबाला सांगितलं, घरात जीव अडकलाय. "खोटं कुठे आहे? घर तुमचं, एवढाच फरक." मग जरा वेळाने म्हणाला, "काल रात्री झोप मात्र छान लागली हो." आणि लगेच तोंड फिरवलं. तो ते का म्हणाला आणि लगेच तोंड का फिरवलं, दोन्ही मला समजलं.

बुधवार, १२

बटण घरी आलं. चालताना मागचा भाग एकीकडे जातो, आठवडाभरात जाईल म्हणतात.

पेटी करवतीने कापली. सांधे सुटेनात, म्हणून मधूनच कापली. करायला लागला त्यापेक्षा कापायला जास्त वेळ लागला. चोरखिटी काढून सरस तापवायच्या शेगडीत टाकली.

रात्री माझ्या कपड्यांच्या कपाटातला तळचा खण ओढून काढला, रिकामा केला आणि पलंगाच्या माझ्या बाजूला जमिनीवर ठेवला. ही बघत होती. मी माझा वापरलेला सदरा आत घातला. आधी अंगणात फिरवून आणलं. दिवा मालवला.

कुंई झालं.

हिने श्वास रोखला, मला कळलं. खिडकीपलीकडे, ड्रायव्हरच्या घरातही कुणाची तरी खाट करकरली. मी हात खाली सोडला. ओलं नाक तळहाताला लागलं, मग जीभ, मग दात. अंगठा चावत चावत ते निजलं. हात काढावा म्हटलं तर पुन्हा कुंई. मग नाही काढला. हाताला मुंग्या आल्या, खांदा आखडला. कुठल्याही कामाने हात इतका दुखला नव्हता.

"जागे आहात?" हिने विचारलं.

"हो."

"मी पण."

"झोप का येत नाही तुला?"

हे शुक्रवारी माझं विचारायचं राहून गेलं होतं. तिने सांगितलं. ते या वहीत लिहिण्याचं नाही. पुष्कळ होतं आणि जुनं होतं.

शुक्रवार, १४

पहिल्या पानावर गेलो. पाळण्याची ओळ खोडणार होतो. पण पाळणा मी केला होता, हे खरंच आहे. पुढचं रात्रभर झोपण्याचं तेवढं खोडलं. 'वस्तू आजवर तडकलेली नाही' हे वाक्य बराच वेळ वाचत बसलो. तसंच ठेवलं. वस्तूंबद्दल ते खरं आहे.

सोमवार, १७

खण पलंगापासून हातभर लांब गेला. बटण एकदा उठलं, माझा श्वास ऐकला असावा, पुन्हा निजलं. ही माझ्याआधी झोपली. हिला झोपलेली मी इतक्या वर्षांत नीट पाहिलीच नव्हती. नेहमी मीच आधी घोरायचो. तोंड थोडं उघडं असतं.

ड्रायव्हर डोंगरावरची गाडी घेऊन गेला आणि परत आला. कुंपणावरून म्हणाला, "मिस्त्री, गायकाने संन्यास घेतला काय?" मी म्हटलं, रियाज बंद आहे. मिस्त्री म्हटल्याचं या वेळी काही वाटलं नाही. शिकवणारा भेटला की माणूस मिस्त्री होतो. मला आता एक भेटलाय, चार पायांचा.

बुधवार, १९

प्राण्यांच्या सामानाचा दुकानदार आला होता. बरोबर एक सूट घातलेला माणूस, शहरभर दुकानं असलेला. ही कामावर होती. बटण बाकड्याखाली लाकडाची ढलपी चघळत होतं.

"ती आवाज न येणारी पेटी दाखवा यांना," दुकानदार म्हणाला.

"नाही ती आता. कापली."

"कापली? का?"

"जागा अडवत होती."

त्याने कपाळाला हात लावला. सूटवाला मात्र शांत होता. म्हणाला, नमुना डोक्यात असेलच ना? आम्हाला शंभर हव्यात. प्रत्येकीवर पितळेच्या पट्टीवर तुमचं नाव. गिऱ्हाईक रांग लावेल. शेजाऱ्यांची भांडणं काय कमी आहेत?

माझं नाव, पितळेत. आजवर चेलोच्या बाईंनीसुद्धा पेटीवर माझं नाव लावलेलं नाही. मी काही वेळ बोललो नाही. ते दोघं समजले की मी भाव वाढवतोय, आणि त्यांनी वाढवला.

"त्यात हवा कोंडते," मी म्हणालो.

"मग भोकं वाढवा की."

"भोक वाढवलं की आवाज येतो."

"थोडी वाढवा. ते तुमचं तुम्ही बघा हो, कारागीर तुम्ही. आम्हाला आवाज बाहेर यायला नको, बास."

बटण बाकड्याखालून बाहेर आलं आणि सूटवाल्याच्या बुटाची नाडी ओढायला लागलं. मी त्याला उचललं. ते माझ्या कोपरात तोंड खुपसून श्वास घ्यायला लागलं. तो मला कापडातून लागत होता, गरम आणि जरा घाईचा. मी म्हटलं, तशी पेटी मला करता येत नाही.

"केलीत की तुम्ही! मी डोळ्यांनी पाहिलीय."

"येत नाही," मी पुन्हा म्हटलं. हे वाक्य माझ्या तोंडून आजवर कुठल्याही गिऱ्हाइकापुढे निघालेलं नव्हतं. वाटलं होतं त्याहून सोपं गेलं.

संध्याकाळी ही आली, तिला काही सांगितलेलं नाही. खण आज दाराजवळ ठेवायचा आहे. वहीत खरं लिहायचं ठरलंय, म्हणून नोंद करून ठेवतो: शंभर पेट्या, पितळेत माझं नाव, निम्मे पैसे आगाऊ. एकूण सहा लाख चाळीस हजार. नाही म्हणालो.